‘स्वतःलाही जप हो’ म्हणून निरोप घेणाऱ्या आपल्या माणसांना खुलं पत्र

प्रिय काका-काकू, आत्या, मामा-मामी, दादा-वहिनी, शेजारी आणि जुने मित्र-मैत्रिणी,

स. न. वि. वि.

ज्या घरात एखादं माणूस वर्षानुवर्षं आजारी आहे, त्या घरी तुम्ही अधूनमधून विचारपूस करायला जाता. अर्धा-पाऊण तास पलंगाशेजारच्या खुर्चीत बसता, पेशंटचा हात हातात घेता, औषधं कोणती चालू आहेत ते विचारता. मग निघताना दारात, चपला घालता घालता, त्या आजाऱ्याचं सगळं करणाऱ्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणता, “तू स्वतःलाही जप हो.” हे वाक्य मी सात वर्षं ऐकलं. माझ्या आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होता, शेवटची दोन वर्षं ती अंथरुणाला खिळून होती, आणि तिचं सगळं मी केलं. ते वाक्य म्हणणाऱ्या एकाच्याही मायेबद्दल मला शंका नाही. म्हणून तर हे पत्र तुम्हाला लिहितेय. ज्यांना काही पडलेलीच नाही, त्यांना लिहून उपयोग नव्हता.

मला एवढंच सांगायचंय, की स्वतःला जपायला वेळ लागतो आणि तिच्याकडे नेमका तोच नसतो. तो तुमच्याकडे आहे. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, दोन-तीन तास तुम्ही तो तिला देऊ शकता. बाकीचं पत्र मी हे का म्हणतेय ते पटवण्यासाठी आहे.

तुम्ही गेल्यावर घरात काय व्हायचं ते आधी सांगते. पाहुणे असेपर्यंत आई गोड हसायची, मान डोलवायची, कुणी काही विचारलं तर “हो हो, छान चाललंय” म्हणायची. तुम्ही म्हणायचात, “आई तर किती छान दिसतेय!” दार बंद झालं, की दोन मिनिटांत सुरू व्हायचं, “मला घरी जायचंय.” त्या घरात ती 40 वर्षं राहत होती. ती दाराची कडी ओढत राहायची आणि मी किल्ली मुठीत धरून तिच्यामागे उभी. कधी तास, कधी दीड तास. डिमेन्शियाच्या पेशंटचं असं होतं, नवी माणसं आली की मेंदू सगळी शक्ती एकवटून वेळ निभावून नेतो आणि नंतर थकून बिथरतो. यात तुमची चूक काहीच नव्हती. पण तुम्ही पाहिलेली आई आणि मी सांभाळलेली आई या दोन वेगळ्या बायका होत्या, आणि तुमचे सल्ले पहिलीला बघून आलेले असायचे.

नंतर ती झोपूनच राहू लागली, तेव्हा दिवस थोडे सोपे झाले आणि रात्री अवघड. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी, खुब्यावर, टाचांवर कातडी आधी लाल होते आणि मग फाटते. रात्री दोन वाजता मोबाइल माझ्या उशीखाली थरथरायचा. रिंग वाजली तर आई दचकायची म्हणून नुसता थरथरता ठेवलेला. उठायचं. तिच्या खाली खांद्यापासून मांडीपर्यंत घातलेली आडवी चादर दोन्ही हातांत गुंडाळून धरायची, तिला हळूहळू आपल्याकडे ओढायचं, आधी खांदे, मग कंबर, शेवटी पाय. पाठीमागे उशी, गुडघ्यांच्या मधे उशी. मग टॉर्च लावून टाचा बघायच्या. लाल डाग दिसला तर त्यावर बोट दाबून धरायचं. बोट काढल्यावर जागा क्षणभर पांढरी पडली तर ठीक. लालच राहिली तर जखमेची सुरुवात आहे. त्या अंधारात बोट उचलताना माझ्या छातीत काय व्हायचं ते मी कुणाला कधी सांगितलं नाही. मग पडायचं, आणि चार वाजता पुन्हा.

आता शरीराचं बघा. संकट समोर आलं की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, हे वॉल्टर कॅनन यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं. ॲड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं, साखर रक्तात उतरते. ही सोय काही मिनिटांची आहे. संकट टळलं की सगळं पूर्ववत व्हावं, अशीच तिची बांधणी आहे. कॉर्टिसोल नावाचं दुसरं संप्रेरकही दिवसाच्या चालीने चालतं. पहाटे वाढू लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं. तळाच्या त्या वेळी, रोज, वर्षानुवर्षं, कान टवकारून झोपणाऱ्या बाईचं संकट कधी टळतच नाही. तिचं शरीर सज्ज होतं आणि सज्जच राहतं. ब्रूस मॅकइवन आणि एलियट स्टेलर या दोघांनी 1993 साली या हळूहळू चढणाऱ्या बोज्याला ‘अलोस्टॅटिक लोड’ असं नाव दिलं. मी त्याला साचलेली झीज म्हणते. ती एका दिवसात दिसत नाही. तुमच्या अर्ध्या तासात तर नाहीच नाही.

माझी मला दिसली ती अशी. आंघोळ घालताना आई कधीकधी घाबरायची आणि माझा हात घट्ट धरायची. तिची नखं मी कापत असे, तरी ओरखडे उठायचे. डाव्या हातावर, मनगटाच्या वर. एक ओरखडा पाच-सहा आठवडे भरला नाही. खपली धरायची, निघायची, पुन्हा धरायची. शुगर तपासून घेतली, ती बरोबर निघाली. डॉक्टरांनी विचारलं, “झोप किती होते?” मी हसले फक्त. पुढे कधीतरी ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जानिस कीकोल्ट-ग्लेझर यांचा 1995 सालचा अभ्यास वाचनात आला. डिमेन्शिया झालेल्या नातलगाचं घरी करणाऱ्या 13 बायका, आणि त्याच वयाच्या, साधारण तेवढ्याच मिळकतीच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या 13 बायका. सगळ्यांच्या हातावर सारखीच, साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम मुद्दाम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. दुसऱ्या गटाला सरासरी 39 दिवस लागले. काळजी घेणाऱ्या बायकांना जवळजवळ 49. माझा ओरखडा त्याच कारणाने रेंगाळला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एका हाताने काही सिद्ध होत नाही. पण तो अभ्यास वाचताना मी माझ्या डाव्या हाताकडे बराच वेळ बघत बसले होते.

त्याच संशोधकांना पुढच्याच वर्षी असंही आढळलं, की जोडीदाराचा डिमेन्शिया सांभाळणाऱ्यांमध्ये फ्लूच्या लशीनंतर प्रतिपिंडं कमी तयार होतात. आणि 2004 साली एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न (ब्लॅकबर्न यांना पुढे 2009 साली नोबेल मिळालं) यांनी दीर्घ आजारी मुलांच्या आयांच्या पेशी तपासल्या. पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर म्हणतात, वय वाढतं तशी ती आखूड होत जातात. त्या आयांमध्ये मुलाचं करण्यात जितकी अधिक वर्षं गेली होती, तितकी ती टोकं आखूड दिसली.

आता एक गोष्ट मी मुद्दाम सांगणार आहे, कारण अर्धीच बाजू मांडली तर तुम्ही तिची नुसती कीव कराल, आणि कीव तिला नकोय. 1999 साली रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वयस्कर जोडीदाराचं करताना ज्यांची ओढाताण होत होती, त्यांचं चार वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण, अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा 63 टक्के जास्त निघालं. पण जोडीदाराचं करूनही ज्यांना ओढाताण जाणवत नव्हती, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. नंतरच्या काही मोठ्या अभ्यासांत तर काळजी घेणाऱ्यांमध्ये एकंदर मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा कमीच आढळलं. आपल्या माणसाचं करणं हे विष नाही. मी आईचं केलं याचं मला आजही समाधान आहे, ती सात वर्षं कुणी परत दिली आणि विचारलं तर मी पुन्हा करीन. माणूस मोडतं ते एकटं पडल्याने, कधी सुटका होईल ते माहीत नसल्याने. आणि ही दोन्ही कारणं तुमच्या हातात आहेत.

तुम्ही जे सल्ले देता ते चुकीचे नाहीत, हेही सांगायला हवं. चालायला जा, ध्यान कर, दीर्घ श्वास घे, वेळेवर झोप. सगळं खरं आहे. संथ श्वासाने, विशेषतः सोडताना लांबवलेल्या श्वासाने, हृदयाचे ठोके खरोखर शांत होतात. मी बाथरूमचं दार लावून, नळ सोडून, दहा श्वास मोजायची आणि त्या दहा श्वासांनी मला कित्येकदा तारलं आहे. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते, की प्रौढ माणसाला आठवड्याला किमान 150 मिनिटं तरी मध्यम व्यायाम हवा. हे वाचलं तेव्हा मी एका आठवड्याचा हिशेब कागदावर मांडला. औषधाचं दुकान, बँक, किराणा, सगळं धरून मी त्या आठवड्यात घराबाहेर 110 मिनिटं होते. प्रौढांना रात्री किमान सात तासांची झोप लागते. माझी साडेचार तासांची व्हायची, तीही तीन तुकड्यांत. अशा बाईला “मेडिटेशनचं ॲप टाकून घे” म्हटलं, की तिच्या कामांच्या यादीत आणखी एक काम वाढतं. आणि ते जमलं नाही, की आपण स्वतःचीही काळजी घेऊ शकत नाही, हा अपराधही तिच्याच माथी.

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी 1984 साली ताणाला तोंड देण्याच्या दोन वाटा सांगितल्या. एक, अडचणच सोडवायची. दुसरी, अडचणीने मनात जे उठतं ते सांभाळायचं. डिमेन्शिया सुटणारी अडचण नाही. त्यामुळे तिला दुसरी वाट जास्त चालावी लागते, आणि त्या वाटेला सोबत लागते. इथे तुम्ही फार उपयोगी पडू शकता आणि इथेच बहुतेक जण चुकतात.

एका संध्याकाळी मी आईवर ओरडले. तिने तिसऱ्यांदा औषधाची गोळी थुंकली होती, आणि मी तिचे दोन्ही दंड धरून किंचाळले, “गिळ ना!” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “बाई, तुम्ही कोण?” मी स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसले. दुसऱ्या दिवशी एका जवळच्या नात्यातल्या बाईंना फोनवर हे सांगायला लागले, तर त्या मधेच म्हणाल्या, “असं बोलू नये गं. आईची सेवा घडतेय, नशीबवान आहेस.” त्यांनी ते प्रेमानेच म्हटलं. पण त्यानंतर पुढची दोन वर्षं मी त्यांना “सगळं ठीक आहे” एवढंच सांगत राहिले.

तर ती कधी काही सांगू लागली, की तिला बोलू द्या. चिडचिड, किळस, “हे कधी संपणार” असा विचार, तो विचार आल्याची शरम, हे सगळं प्रेमाच्या शेजारीच राहतं. पॉलिन बॉस या अभ्यासक बाईंनी 1970 च्या दशकात अशा दुःखाला ‘ॲम्बिग्युअस लॉस’ असं नाव दिलं, म्हणजे ज्याला काठ नसतो असं गमावणं. माणूस समोर आहे आणि तरी गेलेलं आहे. त्याचं रडायचं कधी, आणि रडलं तर लोक म्हणणार, “अगं, आई आहे ना अजून!” तिला उत्तर नकोय, धीराचे चार शब्दही नकोत. “मग काय झालं?” असं विचारून गप्प बसणारं कुणीतरी हवंय. मात्र ती म्हणाली, की जगावंसं वाटत नाही, किंवा हातून पेशंटला काहीतरी इजा होईल अशी भीती वाटते, तर तो नुसता त्रागा आहे असं समजू नका. त्याच दिवशी तिच्याजवळ जाऊन बसा, तिला एकटं सोडू नका, आणि तिला डॉक्टरांकडे न्या. पेशंटचे डॉक्टर नव्हेत. तिचे.

तिचे डॉक्टर, यावरून आठवलं. आईच्या प्रत्येक तपासणीची तारीख माझ्याकडे लिहिलेली होती. माझ्या दाढेचं रूट कॅनाल मी अकरा महिने पुढे ढकललं. माझ्या बीपीच्या गोळ्या आईच्याच डब्यात ठेवलेल्या असायच्या आणि तिच्या सगळ्या देऊन झाल्या की डबा बंद व्हायचा. म्हणून पेशंटची चौकशी करण्याआधी तिला विचारा: तुझं बीपी शेवटचं कधी तपासलंस? डोळे कधी तपासलेस? रात्री सलग किती वेळ झोपलीस? “कशी आहेस?” या प्रश्नाला “ठीक” एवढंच उत्तर येतं. स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या सुमारास काळजी घेणाऱ्यांसाठी एक प्रश्नावली तयार केली. आज ती सहसा 22 प्रश्नांची वापरतात, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण. स्वतःसाठी वेळ उरतो का, पेशंटवर राग येतो का, आपल्या तब्येतीवर परिणाम झालाय असं वाटतं का, अशा स्वरूपाचे सरळ प्रश्न आहेत. माझी मी ती भरली तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्याबद्दल विचारतंय असं वाटून मला रडू कोसळलं. कागदावर छापलेले प्रश्न होते ते.

आता गुरुवारबद्दल.

माझी एक शाळेपासूनची मैत्रीण आहे. आईच्या आजारपणाच्या चौथ्या वर्षी ती एकदा भेटायला आली आणि जाताना म्हणाली, “मी दर गुरुवारी चारला येईन, सातला जाईन. मला काय काय करायचं ते शिकव.” मी म्हटलं, नको गं, कशाला तुला त्रास. ती म्हणाली, “मी विचारत नाहीये, सांगतेय.” पहिल्या दोन गुरुवारी ती माझ्याबरोबर नुसती थांबली. आईला पाणी घट्ट करून कसं पाजायचं, भरवताना डोकं किती वर हवं, ती घाबरली की कोणतं गाणं गुणगुणायचं, हे तिने बघून घेतलं. आईने तिला एकदा ढकललं, एकदा चोर म्हटलं. ती तिसऱ्या गुरुवारीही आली. (तुमच्यातले बरेच जण इथे गळतात. “त्यांना माझी सवय नाही, उगाच त्रास होतो” म्हणतात. सवय व्हायला आठ-दहा वेळा यावं लागतं, दोनदा नाही.) त्या तिसऱ्या गुरुवारी मी घराबाहेर पडले आणि कुठे जायचं ते मला सुचेना. बागेतल्या बाकावर बसले आणि बसल्या बसल्या झोपले. त्यानंतरचे कितीतरी गुरुवार मी नुसती झोपले. ध्यान, चालणं, दाताचा डॉक्टर, हे सगळं त्यानंतर सुरू झालं.

पण मला खरं आश्चर्य वाटलं ते सोमवारचं. गुरुवार लांब होता, रात्र तशीच होती, आई तशीच होती, तरी सोमवारची रात्र सोपी झाली. यामागचं कारण मला एका जुन्या प्रयोगात सापडलं. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी 1972 साली प्रसिद्ध केलेलं ते काम. लोकांना कर्कश, मधूनच केव्हाही वाजणारा आवाज ऐकवला. काहींच्या हाताशी एक बटण दिलं आणि सांगितलं, अगदी असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल; पण न दाबलंत तर बरं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही, म्हणजे सगळ्यांनी आवाज सारखाच सोसला. नंतर सगळ्यांना अवघड कोडी सोडवायला दिली, मजकुरातल्या चुका शोधायला लावल्या. ज्यांच्याजवळ बटण होतं ते कोड्यांपाशी जास्त वेळ टिकले आणि मजकुरातल्या चुकाही त्यांच्या नजरेतून कमी सुटल्या. बटण आहे एवढं माहीत असण्याने फरक पडला होता.

गुरुवार हे माझं बटण होतं. “काही लागलं तर सांग हं” हे बटण नाही. त्यात मागायचं काम तिच्यावर टाकलेलं असतं, आणि थकलेल्या माणसाला सर्वांत जड जातं ते मागणंच. आधी ठरवायचं काय मागायचं, मग कुणाकडे, मग समोरच्याला जमेल का याचा अंदाज घ्यायचा, नाही म्हणाला तर दोघांनाही वाईट वाटू नये असं बोलायचं. त्यापेक्षा स्वतः करून टाकणं तिला परवडतं. मनात आलं म्हणून अचानक येऊन तीन तास थांबणं चांगलंच, पण त्याचा उपयोग त्या तीन तासांपुरता. ठरवून, नेमाने आलात तर त्याचा उपयोग आधीच्या सगळ्या रात्रींना होतो.

न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्झायमर (डिमेन्शियाचाच एक प्रकार) झालेल्या जोडीदाराचं घरी करणाऱ्या 406 जणांचा अनेक वर्षं अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष 2006 साली आले. अर्ध्यांना नेहमीचीच मदत मिळाली. बाकीच्यांना चार महिन्यांत सहा समुपदेशनाच्या बैठका, पुढे आधारगट, आणि लागेल तेव्हा फोनवर सल्ला. त्या सहा बैठकांमधल्या दोन एकट्या काळजी घेणाऱ्याबरोबर होत्या. चार घरातल्या इतर नातेवाइकांना घेऊन होत्या. म्हणजे उपचाराचा मोठा भाग तुमच्यावर होता! ज्यांना ही मदत मिळाली त्यांच्या घरी पेशंटला संस्थेत ठेवण्याची वेळ अंदाजे 557 दिवसांनी पुढे गेली, आणि आपल्याला माणसांचा आधार आहे असं वाटू लागणं हे त्यामागच्या मुख्य कारणांपैकी एक होतं. (संस्थेत ठेवणं हा गुन्हा नाही. कुणावर ती वेळ आली तर तिला बोल लावू नका. ती त्या निर्णयापर्यंत कशी पोचली ते तुम्ही पाहिलेलं नसतं.)

अशी बैठक घरच्या घरी घेता येते. सगळी भावंडं, सुना, जावई, मोठी झालेली नातवंडं एकत्र बसवा. जे लांब आहेत त्यांना फोनवर घ्या. जी करते तिने आठवड्याची सगळी कामं आधी मोठ्याने वाचून दाखवावीत, तिचं वाचून होईपर्यंत कुणी मधे बोलू नये. माझ्या यादीत 60 च्या वर कामं निघाली होती. सख्ख्या भावाने ती ऐकली आणि तो बराच वेळ काही बोलला नाही. तो दुसऱ्या शहरात राहायचा, रोज फोन करायचा, पैसे पाठवायचा, आणि त्याला खरंच वाटायचं की आपलं चालू आहे. त्या दिवसानंतर औषधांची ऑर्डर, विम्याची कागदपत्रं, डॉक्टरांच्या वेळा घेणं आणि नातेवाइकांना खबर देणं, ही चार कामं त्याने उचलली. शेवटचं काम तुम्हाला किरकोळ वाटेल. आई दवाखान्यात होती त्या आठवड्यात एकाच संध्याकाळी मी चौदा जणांना एकच हकिकत सांगितली होती, आणि चौदांपैकी पाच जणांनी डॉक्टर बदलायचा सल्ला दिला होता. पुढच्या वेळी सगळ्यांना भावाचा एक मेसेज गेला. मी त्या संध्याकाळी झोपले.

पुरुषांना मला वेगळं लिहावंसं वाटतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2018 सालच्या अहवालानुसार जगभरात बिनपगारी काळजीच्या कामाचे 76.2 टक्के तास बायका करतात. मुलगा आईचा डायपर बदलू शकत नाही असं म्हणतात. माझा भाऊ शेवटच्या वर्षी सुट्टी घेऊन महिनाभर राहिला आणि शिकला. पहिल्या दिवशी त्याचे हात थरथरत होते. आठव्या दिवशी तो रात्री दोनचा अलार्म स्वतःच्या उशीखाली घेऊन झोपला. त्या महिन्यात मी कितीतरी वर्षांनी सकाळी सहापर्यंत सलग झोपले, आणि जाग आली ती घाबरून, कारण अलार्म वाजला नव्हता. दारातून पाहिलं तर तो टॉर्च घेऊन आईची टाच बघत होता.

जे जमणार नाही ते करूच नका. दुसऱ्या कुणाला गुरुवार जमणार नाही, महिन्यातून एक रविवार जमेल. कुणाला पेशंटजवळ बसणं झेपत नाही; त्याने तिला बाहेर घेऊन जावं आणि दुसऱ्याने पेशंटजवळ बसावं. कुणाला फक्त तिच्या तपासणीच्या दिवशी तिच्या जागी थांबता येईल. पण जे सांगाल ते पाळा. एकदा ठरवून न येणं हे न ठरवण्यापेक्षा वाईट, कारण तिने त्या तीन तासांवर आठवडा काढलेला असतो.

आणि पेशंट गेल्यावर लगेच थांबू नका. आई गेल्यानंतर घर काही दिवस माणसांनी भरलेलं होतं, मग रिकामं झालं. मी मोबाइलमधले अलार्म पुसून टाकले, तरी रात्री दोनला आणि चारला जाग यायचीच. उठून बसायचे, पाय जमिनीला टेकवायचे, आणि मग आठवायचं. हे कित्येक महिने चाललं. सगळे म्हणत होते, “सुटली बिचारी, आता तू आराम कर.” शरीराला आराम कसा करायचा ते आठवत नव्हतं.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी चार वाजता बेल वाजली. मैत्रीण दारात उभी होती. मी म्हटलं, “अगं, आता कशाला?” ती आत आली, पलंगाशेजारची खुर्ची ओढून खिडकीपाशी घेतली आणि म्हणाली, “तू झोप. मी आहे सातपर्यंत.”

तुमचीच,
आईचं सात वर्षं केलेली एक मुलगी